गावाचा रकाना

बामणोलीच्या बोट क्लबच्या खिडकीत
मी पावत्या फाडते.
डोक्यावर दरफलक: वासोटा, त्रिवेणी संगम, दत्ताचं देऊळ.
वहीत पाच रकाने. नाव, गाव, माणसं, वेळ, सही.
गावाचा रकाना दोन बोटं रुंद.
पुणे मावतं.
पिंपरी-चिंचवडवाले चिंचवड सोडून देतात.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी ती आली,
एकटीच, साठी उलटलेली,
हनुवटीवर हिरवट-काळं गोंदण,
आमच्या कोंडाबाईच्या गोंदणाहून ठसठशीत.
नाव लिहिलं, मेरेआना. पुढे पेन अडलं.
म्हणाली, आमच्यात गाव असं एका शब्दात उरकत नाहीत.
आधी डोंगर सांगायचा, मग नदी,
मग पूर्वज जिच्यातून आले ती होडी, मग कूळ.
माणूस सगळ्यात शेवटी.
मी वही आडवी करून दिली.
ती सहीचा रकाना ओलांडून गेली.

धक्क्यावर रावजीतात्या संकपाळांच्या होडीकडे बोट करून
ती हसत म्हणाली, "वाका!"
तात्या वाकले.
रोज शंभर जणांना ते हेच तर ओरडून सांगतात,
छताचा पाइप कपाळात बसतो.
"हिला कुणी शिकवलं गं?"
तात्या, तिच्या भाषेत होडीला वाका म्हणतात.
"बराबर हाय की. होडीत बसायचं तर वाकायलाच पायजे."

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, मीही बसले.
ती तिच्या किनाऱ्याचं सांगत होती:
दिवसाचा पहिला सूर्य आमच्याच डोंगरावर, असं पत्रकात छापलंय,
पहाटे तीनला गाड्यांची रांग लागते.
मग समुद्रात लांबवर गेलेला धक्का, मग दीपगृह,
मग आमच्या कुळाचं कोरीव घर.
"तिथं मीही तिकिटं फाडायचे," ती म्हणाली.
"लोक विचारतात लाकूड कसलं, किती जुनं.
खांबावरचा हा कोण, ते कुणी विचारत नाही."
शिंपल्याचे डोळे असलेले पणजे खांबाखांबावर.
चपला दाराशी काढायच्या आणि पूर्वजाच्या पोटात शिरायचं.
फासळ्या म्हणजे वासे, आणि कणा म्हणजे

इथे माझं इंग्रजी संपलं.
तिनं ओल्या फळीवर बोटानं छप्पर काढलं,
माथ्यावर एक आडवी रेघ.
"आढं म्हन की," तात्या सुकाणूवरून म्हणाले.
आढं. कॉलेज केलं मी मेढ्याला,
आणि हा शब्द मला माहीत नव्हता.

मग तात्यांनी इंजिन बंद केलं.
ही जागा दरफलकावर नाही.
"हितं. आमचं घर. चैतात ये म्हणावं, उंबरा दिसंल.
पानी चढाय लागलं तवा बा नं आढं तेवढं काढून घेतलं.
वासे मोजत बसायला येळ हुता कुणाला?
पहिली होडी त्याच आढ्याची."
मी सांगितलं, घराची होडी केली.
वाक्य फारच लहान झालं.
तिनं पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.
वाऱ्यानं होडी आपोआप तिरकी झाली.

परतल्यावर धक्क्यावर तिनं तात्यांचे खांदे धरले,
कपाळाला कपाळ, नाकाला नाक,
एक श्वास दोघांत.
पोरं खिदळली. तात्या दिवसभर म्हणत राहिले,
"तंबाखूचा वास आला आसंल बिचारीला."

संध्याकाळी मॅनेजरनं विचारलं, वहीवर रेघोट्या कुणी मारल्या?
मी म्हटलं, पत्ता आहे.
कर्मचाऱ्यांच्या नोंदवहीत तात्यांपुढे
अकरा वर्षं नुसतं बामणोली होतं.
त्यांना विचारून खोडलं.
डोंगर वासोटा. नदी सोळशी, धरणाआधीची.
होडी: आढं.
कूळ पुठ्ठ्यावर गेलं.

माझ्यापुढे अजून मेढाच आहे.
नदी वेण्णा लिहावी, तर ती कण्हेरला अडवलेली,
आणि होडीचं
घरी कुणाला विचारावं कळत नाही.